रुईफुली काठाचा पंख

कार्तिकाचं ऊन मुळातच कोवळं, आणि भैरवाच्या पठारावर तर ते अधिकच कोवळं. पिवळं पडत चाललेलं गवत, गवतावर दवाचं शुभ्र आच्छादन, आणि त्या शुभ्रतेवर सावकाश उतरणारी पूर्वेची केशरी आभा. पठार संपतं तिथे एकदम दरी. दरीच्या तळाशी कापणी झालेली भातखाचरं, खाचरांपलीकडे नदीची निळी रेघ. सकाळ तापू लागली की या दरीतून वारा वर येतो. आधी गवताचे शेंडे हलतात, मग भैरवाच्या देवळातली घंटा आपसूक किणकिणते, आणि मग कड्यावर उभ्या असलेल्या माणसाचं उपरणं काही केल्या खांद्यावर ठरत नाही.

याच वाऱ्यावर धुंडिराजपंतांचा जीव जडला होता.

धुंडिराजपंत रायरीकर म्हणजे संस्थानच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. उंच, शेलाटे, तांबूस डोळ्यांचे, आणि राग सदैव नाकाच्या शेंड्यावर. विलायतेत माणसं उडू लागल्याची चित्रं तेव्हा वर्तमानपत्रांतून नुकतीच यायला लागली होती. आपल्याकडे विमान अजून पोथीतच होतं, आणि पोथी लाल फडक्यात बांधून फळीवर होती. पंतांनी ते चित्र पाहिलं, आणि झालं! त्या दिवसापासून जेवताना त्यांचं लक्ष पानात नसे. आमटी गार होई, भात वाळे, आणि पंत दोन बोटांनी हवेत पंख काढत बसत.

मग त्यांनी पंख केलाच. इंजिन नाही, चाक नाही. कळकाच्या लवचीक कामट्या, त्यांवर ताणलेलं कापड, आणि मधोमध माणसाला पालथं पडायला वेताची चौकट. कड्यावरून पळत सुटायचं आणि वाऱ्याच्या हवाली व्हायचं. गावाने त्याला नाव दिलं नाकतोडा. भैरवाचा पुजारी राणू गुरव तर रोज सकाळी मोठ्या गांभीर्याने विचारी, की मास्तर, आज नाकतोड्याने चारा खाल्ला का. पंत लालबुंद होत, आणि राणूचा दिवस मजेत जाई.

नाकतोडा उडत नव्हता असं नाही हं. उडत होता. पण त्याला तोल नव्हता. पहिल्या खेपेला तो डावीकडे कलला तो कललाच, आणि पंतांच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या खेपेला उजवीकडे कलला आणि पंत करवंदीच्या जाळीत पडले. महिनाभर अंगातले काटे निघत होते. दोन्ही वेळा दगा दिला तो पंखाच्या टोकाने. आधी टोक खचायचं, मग सगळा पंख त्याच्यामागे जायचा. पंतांनी निदान केलं, की पंख पुरेसा सरळ नाही. ओळंबा लावून, सूत धरून, आरशासारखा सपाट पंख केला तर तो ढळेल कशाला? माणूस ताठ, म्हणून त्याचा सिद्धांतही ताठ.

सगुणाबाई, त्यांच्या पत्नी, या दोन्ही खेपांना पठारावर होत्या. दोन्ही वेळा दरीकडे पाठ करून भैरवाच्या पायरीवर बसून होत्या.  हळद उगाळली, शेक दिला, काटे काढले. बाईंच्या जिवाची काय कालवाकालव झाली असेल, ती त्यांनी कुणाला कळू दिली नाही, आणि पंतांना तर मुळीच नाही.

तिसऱ्या पंखाची तयारी सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी शब्द मागितला. ही खेप शेवटची. तरला तर तरला, पडला तर पडला, पण यानंतर पुन्हा कड्यावर पाय ठेवायचा नाही. पंतांनी शब्द दिला. इतक्या सहज दिला, की सगुणाबाईंनाच वाईट वाटलं. माणसाच्या आयुष्यातलं एकमेव वेड आपण त्याच्याकडून काढून घेतलं, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांना नवरा हवा होता. त्याचं ते वेडही त्यांना आवडत होतं, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा धड कबूल केलं नव्हतं.

या खेपेला कापड बदललं. गिरणीच्या मांजरपाटातून वारा गळतो, असं पंतांच्या ध्यानात आलं होतं. हातमागाची घट्ट विणीची लुगडी बरी. त्यांनी जोडीने दोन आणली, पंखाच्या एकेका बाजूला एकेक. अंजिरी रंगाची, आणि काठ रुईफुली, रुईच्या फुलांच्या नक्षीचा. उन्हात घडी उलगडली तेव्हा सगळं अंगण अंजिरी झालं. पंतांनी हुकूम सोडला, की काठ कापून टाक, तो जड आहे, कापड एकसारखं हवं. मग कामट्यांवर ताणून शिव आणि वरून भाताच्या पेजेची खळ दे, म्हणजे वाळल्यावर ते नगाऱ्यासारखं ताठ होईल. एवढं सांगून ते तालुक्याला गेले. शाळेचे इन्स्पेक्टरसाहेब तिथे मुक्कामाला आले होते.

सगुणाबाईंनी कात्री घेतली. कोऱ्या लुगड्याची घडी मोडताना लावतात तसं आधी दोन्हींच्या कोपऱ्यांना कुंकू लावलं. कात्री काठाला टेकवली. आणि हात थांबला.

सांगायलाच हवं. नवरा गेलेल्या बाईच्या अंगावर चढतं ते तांबडं आलवण. त्याला काठ नसतो. अंगणभर पसरलेल्या त्या अंजिरी विस्ताराकडे बाई पाहत राहिल्या. याच्याखाली आपला माणूस पालथा पडणार, खाली दरी, आणि त्याच्या डोईवरचं हे वस्त्र बिनकाठाचं करायचं, तेही आपल्याच हातांनी?  त्यांनी कात्री फडताळात ठेवून दिली. काठासकट कापड शिवलं, रुईफुली काठ पंखाच्या मागच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, खळ दिली, आणि पंख उन्हात ठेवला.

आता कोऱ्या लुगड्याचा काठ पाण्याने आटतो, हे घरोघरच्या बायांना ठाऊक असतं. अंग मोकळं राहतं आणि काठ आखडतो. सगुणाबाईंनाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्यांच्या मनात एवढं एकच होतं, की काठ राहिला. दिवसभर ऊन तापलं, खळ वाळली, काठ आखडत गेला. आणि आखडता आखडता त्याने पंखाच्या दोन्ही टोकांची मागची कड अलगद वर उचलली.

पंत परतले तेव्हा दुपार कलली होती. अंगणाच्या दारातच ते थबकले. सरळ, सपाट, ओळंब्यातला तो पंख! त्याची दोन्ही टोकं मागून वर वळलेली, उन्हात ठेवलेल्या पापडासारखी. पंतांचा पारा जो चढला तो विचारू नका. सत्यानाश झाला म्हणाले, सांगितलेलं एक काम धड होत नाही म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. चार दिवसांत थंडी पडेल, हा वारा दरीतच निजून राहील, मग पुढच्या कार्तिकापर्यंत वाट पाहा! त्यांनी खिशातला चाकू काढला आणि काठाची शिवण उसवायला पंखाशी उकिडवे बसले.

सगुणाबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. तिथूनच, आवाज न चढवता, त्या म्हणाल्या,

“बिनकाठाचं वस्त्र तुमच्या डोक्यावर मी घालायचं? माझ्या हातून नाही व्हायचं ते.”

चाकू थांबला. अंगणात चिमण्या होत्या, त्याही उडून गेल्या. पंतांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि कितीतरी वर्षांनी नीट पाहिलं. रापलेला चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांत पाणी नाही, पण ओठ घट्ट मिटलेले. ही बाई दोन्ही वेळा देवळाच्या पायरीवर पाठ फिरवून का बसली होती, ते त्यांना आत्ता कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. एवढी मोठी भीती आपल्या घरात आपल्याबरोबर जेवत होती, झोपत होती, आणि आपण हवेत पंख काढत बसलो होतो. त्यांनी चाकू मिटला. “राहू दे काठ,” ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला आत गेले.

पंख बिघडला आहे, याविषयी मात्र त्यांना शंका नव्हती. म्हणून दुसऱ्या सकाळी आधी माणसाच्या जागी ज्वारीचं पोतं बांधलं आणि पठाराच्या लहान उतरणीवरून पंख सोडून दिला. गाव जमलं होतं. पोतं उडालं. वाऱ्याने एकदा डावीकडे ढकललं, पंख कलला, आणि कललेला पंख आपला आपण सावरला. उजवीकडे कलला, पुन्हा सावरला. उतरणीच्या पायथ्याशी तो गवतात असा बसला की पोत्यातला दाणा सांडला नाही. पंतांपेक्षा पोतं हुशार निघालं, असं राणू गुरवाने जाहीर केलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पंत त्याच्यावर चिडले नाहीत. 

मग ते पंखाभोवती फिरत राहिले. टोकांना हात लावून पाहिला, खाली निजून पाहिलं, ओंजळभर वाळलेलं गवत वाऱ्यावर सोडून पाहिलं. आणि हळूहळू त्यांना उमजलं. टोकाची मागची कड उचललेली, म्हणून टोकावर वाऱ्याचा भार कमी. मधला पंख दमला तरी टोकं ताजीतवानी राहतात, आणि तीच कललेल्या पंखाला सावरून धरतात. जन्मभर सरळपणाचा हट्ट धरलेल्या माणसाला तोल सापडला तो एका वळलेल्या कडेत. त्यांना मोठ्याने हसू आलं.

तिसऱ्या दिवशी, ऊन दरीच्या तळाशी पोचलं, गवताचे शेंडे हलले, घंटा किणकिणली, आणि पंत चौकटीत शिरले. सगुणाबाई देवळाच्या पायरीकडे वळल्या होत्या. चार पावलं गेल्या आणि परत फिरल्या. पाठ करून बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कड्याच्या अगदी धारेवर येऊन, पदर कमरेला खोचून, उघड्या डोळ्यांनी त्या उभ्या राहिल्या.

पंत धावले. गवत संपलं, दगड संपले, पठार संपलं. पाय हवेत गेले, आणि अंजिरी पंख दरीवर तरंगला. केशरी उजेड, निळी दरी, त्यांच्यामध्ये तो अंजिरी रंग, शांत, सावकाश, सरकणारा.  आणि एकाएकी कड्याच्या कपारीतून वाऱ्याचा झोत आला. पंख डावीकडे कलला. त्या पहिल्या खेपेला कलला होता तसाच, तितकाच, आणि आणखी थोडा.

“धुंडिराज!”

सगुणाबाई ओरडल्या होत्या. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. हळदीकुंकवाला पाचजणींनी वाट अडवली तर उखाण्याच्या आडून, लाजत, पुटपुटत, बस. आणि इथे पोटाच्या तळातून, भर सकाळी, सगळ्या गावादेखत! समोरच्या डोंगराने ते नाव उचललं आणि परत पाठवलं. धुंडिराज, धुंडिराज, म्हणत सगळी दरी घुमली. पंख तसाच लटकला होता. मग त्याचं खचलेलं टोक वाऱ्यावर टेकलं, टिकलं, वर आलं. पंख समतल झाला. नदीच्या बाजूने एक मोठं वळण घेऊन तो खाचरांत अलगद उतरला.

सगुणाबाई उतारावरून कशा खाली पोचल्या, ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. पंत कापलेल्या भाताच्या सडांत बसले होते, गुडघे खरचटलेले, पागोटं कुठेतरी गेलेलं, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. बाई त्यांच्यासमोर मटकन बसल्या. आधी त्यांनी नवऱ्याचे दोन्ही खांदे चाचपून पाहिले, मग पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि मग त्यांना रडू आलं. पंतांनी त्यांना रडू दिलं. दोघांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

गावकऱ्यांनी पंख खांद्यांवर घेतला आणि पाऊलवाटेने वर चढू लागले. मागून हे दोघं. वाटेत पंतांनी बायकोला टोकाची आणि काठाची सगळी हकिकत समजावून सांगितली. पंख तुझ्या काठाने तारला, हेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. निम्म्या चढावर पंत रेंगाळले, पुढची माणसं थोडी लांब जाऊ दिली, आणि हळूच म्हणाले,

“अगं, वर होतो ना, तेव्हा ऐकलं मी. पुन्हा एकदा घे की नाव.”

सगुणाबाई कानापर्यंत लाल झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. चार पावलं पुढे गेल्या, आणि मागे न बघता म्हणाल्या,

“पुन्हा उडाल ना, तेव्हा घेईन.”

पंत वाटेतच उभे राहिले. पुन्हा कड्यावर पाय न ठेवण्याचा, मागून घेतलेला शब्द बाईंनी असा वाटेवर सोडून दिला होता, आणि त्या पुढे चालल्याही होत्या. वर, चढावर, दरीतला वारा पंखाखाली शिरत होता. पंख उचलला जात होता. वाहणाऱ्यांना आता तो तोलायचा नव्हता, नुसता धरून ठेवायचा होता. ऊन चढत होतं, वारा चढत होता, अंजिरी पंख चढत होता, आणि खांद्यांवर भार असा उरलाच नव्हता.