चिकटलेली दोन पानं

आमच्या घरात बाहेर निघणाऱ्याला कुणी ‘नीट जा’ म्हणत नाही. ‘वल्हं घेतलंस?’ म्हणतात. निघणाऱ्यानं ‘हो’ म्हणायचं आणि जायचं. शेजारीपाजारी आम्हाला चक्रम समजतात, समजोत बापडे. हे खूळ आलं ‘उलटी नदी’ नावाच्या सात भागांच्या गोष्टीतून. डोंगर चढणारी नदी, तिच्यातून एका मुलीला वर नेणारे नावाडीआजोबा, आणि नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा हा एकच प्रश्न.

मी शिवणकाम करते. मला गोष्टीबिष्टींचं कौतुक नव्हतं. पण आमच्या लेकीला अक्षरं दिसायची तीच मुळी नाचताना. शाळेत बाईंनी हात टेकले. मी तर दोनदा धपाटा घातला, अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते. आमचे हे किल्ल्या बनवतात. दिवसभर कानशीनं किल्ल्यांचे दात घासून आलेला माणूस, पण रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन एक प्रकरण वाचायचा. पोरीचं ते तोंडपाठ झालं, आणि पाठ असलेल्या वाक्यांवर बोट फिरवता फिरवता एक दिवस ती चक्क वाचायला लागली. ती पुस्तकं ज्या कुणी लिहिली, त्याचे हात मला एकदा हातात घ्यायचेत. बास.

मोठी झाल्यावर तिनं वाचनालयात, मुलांच्या विभागात नोकरीसाठी अर्ज केला. आधी सहा ठिकाणी नकार आला होता, कारण घाईत वाचायला सांगितलं की ती अजूनही अडते. इथली परीक्षा एकच होती, मुलांना एक प्रकरण वाचून दाखवायचं.

“सातव्या भागातलं शेवटून दुसरं,” ती म्हणाली. “झोपेतसुद्धा म्हणेन.”

हे ऐकून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं, लेकीची काळजी असेल.

त्या दिवशी आम्ही दोघं मागच्या खुर्च्यांवर, वीसेक मुलं सतरंजीवर, कोपऱ्यात ग्रंथपालबाई. लेकीनं वाचनालयाची प्रत उघडली, पण बघत होती मुलांकडेच. सुरुवात काय झकास केली! नदीला पूर आला, नाव कशीबशी काठाला लागली आणि नावाडीआजोबा म्हणाले, “आता मी इथं जरा पडतो, पुढं तू ने.”

“ताई, खोटं सांगतेस!” पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची चिमुरडी उभी राहिली. तिच्या हातात स्वतःची प्रत होती. “आजोबा मरतात. हे बघ, इथं लिहिलंय.”

लेकीनं पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. ग्रंथपालबाईंनी पेन खाली ठेवलं. गेली ही पण नोकरी!

आमच्या घरच्या प्रतीत तिथली दोन पानं चिकटलेली आहेत. मी काहीतरी सांडलं म्हणून, म्हणे! चौदा वर्षं हा आळ माझ्यावर, आणि मीही तो मुकाट सोसलेला. मी डोळे वटारून ह्यांच्याकडे वळले, तर हे उभेच राहिले.

“तिची चूक नाही. ती पानं मी डिंकानं चिकटवली,” हे म्हणाले. “त्याच महिन्यात माझे वडील गेले होते. ही रोज विचारायची, आजोबा कधी येणार. त्यात अजून एक आजोबा गेले म्हणून सांगायला जीभ रेटेना. मग मनचंच सांगितलं.”

मला राग यायला हवा होता. आला नाही मेला.

“आज इथंच थांबू या का?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“नको,” लेक म्हणाली. मग मुलांकडे वळून, “हे पान मी कधी वाचलेलं नाही. हळू वाचीन. चालेल?”

“अडलीस तर मी सांगते,” वेण्यावाली म्हणाली.

आणि माझी लेक त्या सगळ्यांसमोर शब्दाखाली बोट धरून वाचू लागली. दोनदा अडली, सावरली. तिसऱ्यांदा वेण्यावालीनं सांगितलं. नाव काठाला लागते, आजोबांचा श्वास मंदावतो, तरी विचारतात नेहमीचंच, “वल्हं घेतलंस?” मुलगी म्हणते, “दोन घेतली, आजोबा. एक माझं, एक तुमचं.”

म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर होतं! आम्ही इतकी वर्षं नुसतं ‘हो’ म्हणत आलो, आणि घरात एकट्या ह्यांना ते माहीत होतं.

ग्रंथपालबाईंनी नाक पुसलं आणि त्या रागावल्यासारखं म्हणाल्या, “सोमवारी दहाला या. उशीर नको.”

सोमवारी लेक दारात चप्पल घालत होती. हे बाजूला उभे, विचारू की नको अशा चेहऱ्यानं. शेवटी विचारलं एकदाचं, “वल्हं घेतलंस?”

“दोन घेतली, बाबा.”

ती गेली. हे आत आले, माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसले, आणि वडील गेले तेव्हा जे रडले नव्हते ते आज ढसाढसा रडले. मी शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मशीन तेवढं जोरात चालवत राहिले.