रजेचा अर्ज कुणाकडे गेला

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तपासनीस एकटाच बसे. सात वर्षांत त्याने रजा घेतली नव्हती. घ्यायची तरी कुणासाठी? पण थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्याने दोन दिवसांचा अर्ज संगणकावर भरला. पंधरवडा उलटला तरी पडद्यावर आपलं तेच, ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’.

"मंजुरी आली की निघतोच, ताई," तो फोनवर सांगत राहिला. न विचारता जाणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

शेवटी त्याने संगणक विभागाला कळवलं. तिथल्या बाई आल्या, त्याला पासवर्ड टाकायला लावला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"तुमची ओळख पटतेय. पुढे रजेचा प्रोग्रॅम डिरेक्टरीला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या यादीला, विचारतो, यांचे वरिष्ठ कोण? ती ज्यांचं नाव सांगते ते साहेब दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेत. खातं बंद. अर्ज बसलाय बंद दाराशी."

"म्हणजे दोन वर्षं मी बिनसाहेबाचा?"

"नशीबवान आहात की!" बाई हसल्या.

त्याला हसू आलं नाही. तो रोज अहवाल पाठवायचा आणि कुणी चूक काढत नाही म्हणजे काम चोख आहे, असं समजायचा. ते वाचायलाच कुणी नव्हतं.

"कुणाचं नाव घालू?" बाईंनी विचारलं.

त्याने खूप आठवून पाहिलं. नमुन्यांच्या बाटल्या आणणारा ड्रायव्हर सोडला तर आठवडा-आठवडा त्याच्याशी कुणी बोलत नसे.

"ड्रायव्हरचं चालेल?" तो बोलून गेला.

बाईंनी मुख्य कचेरीत फोन लावला, विचारून विभागप्रमुखांचं नाव घातलं. दहा मिनिटांत मंजुरी आली. त्याने लगेच ताईला फोन केला.

"अरे, झालंसुद्धा कालच! डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली. शेजारीण होती सोबत. तुझी मंजुरी यायचीय म्हणालास, मग कशाला जिवाला घोर लावायचा तुझ्या?"

तरी तो गेलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी औषधाचे थेंब घालायला तो बाटली घेऊन ताईजवळ बसला, तोच शेजारीण आली.

"तिलाच घालू दे रे," ताई म्हणाली. "तिचा हात बसलाय."

त्याने बाटली शेजारणीच्या हातात दिली आणि उठून जागा करून दिली.