मिआओंचा बुरूज

डोंगराच्या कण्यावर भिंत जिथे वळण घेते, तिथला बुरूज मिआओ घराण्याचा. भिंत सरकारची, बुरूज मिआओंचा, असा गावाचा सरळ हिशोब. मिंग बादशहांनी दक्षिणेतून शिपाई आणले, बायकामुलांसकट एकेका बुरुजावर बसवले आणि सांगितलं, सांभाळा. पुढे मिंग गेले, मांचू आले, तेही गेले. पगार तर केव्हाच बंद पडला होता. पण आता खाली उतरा, असं मिआओंना कुणी सांगायला आलंच नाही. म्हणून ते सांभाळत राहिले.

यूझेन ह्या घरात सून होऊन आली आणि सासूने चुलीबरोबर बुरूजही तिच्या गळ्यात घातला. नवरा गेल्यावर तो तिचाच झाला. बाकीच्या बुरुजांच्या विटा लोकांनी हळूहळू घरी नेल्या; कुणी चूल मांडली, कुणी कोंबड्यांचं खुराडं. मिआओंच्या बुरुजाला हात लावायची छाती कुणाची झाली नाही. एकदा शेजारच्या फानने पाण्याच्या रांजणाखाली ठेवायला एकच वीट आणली. यूझेन ऐन जेवणाच्या वेळी त्याच्या दारात उभी राहिली आणि त्याच्या तीन पिढ्यांची अशी पूजा बांधली, की तो हातातला घास ठेवून वीट परत लावायला डोंगर चढला.

कम्यूनच्या, म्हणजे सगळ्यांची शेती एकत्र केली त्या दिवसांतली गोष्ट. हिवाळा संपत आला होता. तिचा मुलगा तिंगशान गावच्या शेतीच्या तुकडीचा पुढारी होता. तो सभेहून आला आणि जोडेही न काढता, खालून जाळ घालून तापवलेल्या झोपायच्या कट्ट्याच्या काठावर बसला.

"आई, डुकरांचा गोठा बांधायचाय."

"बांधा की. डुकरं नको म्हणाली का?"

"विटा भिंतीच्या घ्यायच्या ठरलंय."

"मग घ्या. एवढी लांबलचक पडलीय."

"तिच्यात राहिलंय काय? चांगल्या विटा लोकांनी कधीच नेल्या. आतली माती तेवढी उरलीय. अख्खा असा एकच आहे."

यूझेनचा कणीक मळणारा हात थांबला. "म्हणजे मी राखला, म्हणून तो पाडायचा."

तिंगशान आता जोडे काढायला वाकला.

"तू पुढारी ना? नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर मला काढतील आणि दुसरा कुणी पाडेल. वरचे विचारतील, कुणासाठी राखला, बादशहांसाठी का? तुला सभेत उभं करून जाहीर पाणउतारा करतील."

"करू देत. मला बोलता येतं."

"त्याचीच तर भीती वाटते, आई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वर गेली आणि बुरुजाच्या दारात बसली. पहारी घेऊन माणसं आली, त्यांत फानही होता. तिला बघून सगळी अलीकडेच थबकली.

"या," ती म्हणाली. "आधी कोण? फान, तुला सवय आहे."

"काकू, मला उगाच मध्ये ओढू नका. मी हुकमाचा गडी."

कुणी पुढे येईना. तेवढ्यात कम्यूनचा साहेब धापा टाकत चढून आला. यूझेनने पदरचे सगळे शब्द परजून ठेवले होते. हा ओरडेल, मग मी ह्याची आई काढीन, असा तिचा बेत. पण साहेब ओरडला नाही. त्याने वाकून तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ह्या आजींकडून शिका," तो लोकांना म्हणाला. "सगळ्यांनी आपापल्या घरात विटा नेल्या. ह्यांनी मात्र जनतेसाठी एकही हलू दिली नाही."

त्याने खिशातून लाल कागदाचं फूल काढलं आणि तिच्या जाड बंडीवर टाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिंगशाननेही वाजवल्या, खाली मान घालून.

शिवीला काय उत्तर द्यायचं ते यूझेनला जन्मभर माहीत होतं. कौतुकाला काय द्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन बायकांनी आदराने धरून तिला उठवलं आणि बाजूच्या दगडावर बसवलं. मग पहिली पहार तिंगशाननेच घातली. चुना इतका पक्का, की वीट सुटण्याआधी फुटायची. अर्ध्या विटा तशाच वाया गेल्या. बाकीच्या दोरीने खाली सोडल्या.

वसंतात पितरांचा दिवस आला. त्या वर्षांत पितरांना जेवण घालायला बंदी होती, पण मिआओंच्या घरून रानभाजीच्या टोपलीत लपवून एक वाटी भात वर बुरुजाशी जायचाच. गाव राळ्याची पेज खायचं. पितर मात्र दक्षिणेचे, त्यांना भातच लागतो. यूझेनने भात शिजवला, टोपलीत ठेवला आणि दाराशी येऊन घुटमळली. वर आता नुसता मातीचा ढिगारा होता. ती खाली गोठ्याकडे वळली.

गोठ्यावर फानच राखणीला होता. "काकू, इकडे कुठे?"

"आमची माणसं इथे आणून ठेवलीत ना तुम्ही. कुठल्या भिंतीत?"

फानने मागेपुढे पाहिलं. "मिसळून गेल्या हो सगळ्या विटा. वरून गिलावा केलाय. आता मलाही सांगता यायचं नाही."

तिने चार भिंती बघितल्या. सगळ्या सारख्या. शेवटी वाटी जवळच्या भिंतीशी ठेवली आणि कमरेत वाकली. ती वर होते न होते तोच फळ्यांच्या फटीतून एका डुकरिणीने वाटीत मुस्कट घातलं. फानने काठी उचलली आणि यूझेनकडे बघितलं.

"हाकलू का, काकू?"

पितरांच्या ताटावर काठी कशी उगारायची? आणि जेवण संपेपर्यंत वाटी तरी कशी उचलायची? ती हात जोडून तशीच उभी राहिली, आणि डुकरीण सावकाश जेवत राहिली.