मग माझं नाव वगळा

नव्याने डोकं वर काढणाऱ्या संसर्गजन्य रोगांवरची ती मोठी परिषद, आणि तिच्यासाठी संशोधनाचे गोषवारे पाठवायचा आज शेवटचा दिवस. प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान संशोधक, जिला सगळे धाकटीच म्हणत, सकाळपासून पडद्यावरच्या एका लाल ओळीकडे बघत बसली होती. तिच्या नावावर सादरकर्ती म्हणून आधीच एक गोषवारा जमा आहे, दुसरा घेता येणार नाही, असं ती ओळ सांगत होती.

धाकटीने तर काहीच जमा केलं नव्हतं. केलं होतं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी. नव्या तापाच्या निदानासाठी त्यांनी एक झटपट चाचणी तयार केली होती, आणि त्या चाचणीच्या गोषवाऱ्यात त्यांनी धाकटीचं नाव परस्पर घालून टाकलं होतं. वर निरोप, की मंचावर तूच उभी राहा, चार मोठ्या लोकांच्या नजरेत येशील. आता या उपकारावर चिडायचं तरी कसं?

धाकटीचा स्वतःचा गोषवारा त्याच चाचणीवर होता, फक्त उलट्या बाजूने. तान्ह्या मुलांना ताप झालेला असूनही चाचणी बिनदिक्कत 'नाही' म्हणते, हे तिने वर्षभर खपून दाखवून दिलं होतं. प्रायोगिक वापर चालू असताना तिच्या बहिणीच्या तान्ह्या मुलीला याच चाचणीच्या भरवशावर रुग्णालयातून घरी धाडलं होतं. पोर वाचली, पण तिचे कान गेले. परिषदेत वाहवा झाली की चाचणी सगळ्या बालरुग्णालयांत जाणार होती, आणि ती वाहवा धाकटीच्याच तोंडून व्हायची होती.

सरांना तिने सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. मुलांचे नमुने थोडे आहेत, पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून त्यांनी दरवेळी तिची बोळवण केली होती. जास्त ताणलं तर सरांकडे ब्रह्मास्त्र होतंच. त्यांच्या मनाविरुद्ध कुणी एक शब्द बदलला की ते अगदी शांतपणे म्हणत, "मग माझं नाव वगळा." त्यांच्या नावाशिवाय इथल्या कागदाला कुत्रंही विचारत नसे. त्यामुळे भलेभले शेपूट घालून परत येत. धाकटीच्या तर प्रबंधावरही सही त्यांचीच व्हायची होती.

सरांचा गोषवारा मागे घ्यावा, तर सोबतच्या दोन तंत्रज्ञांची मेहनत पाण्यात. राहू द्यावा, तर भर सभेत खोटं बोलायचं. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी तिची गत झाली. मग तिच्या लक्षात आलं, की मुदत संपेपर्यंत सादरकर्तीला मजकूर बदलता येतो. तिने सरांच्या गोषवाऱ्याच्या शेवटी एक ओळ घातली: तान्ह्या मुलांसाठी ही चाचणी वापरू नये. शब्दमर्यादा ओलांडली गेली, म्हणून सरांची लाडकी 'क्रांतिकारी', 'अत्यंत विश्वासार्ह' वगैरे विशेषणं तिने बिनघोर छाटली. सगळ्या लेखकांची संमती आहे, या चौकटीपाशी मात्र हात अडला. तंत्रज्ञ म्हणाले, तुम्ही आणि सर ठरवाल ते. ती लॅपटॉप उचलून सरांच्या खोलीत गेली.

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"ही ओळ कुणी घालायला सांगितली?"

"कुणी नाही, सर. ती खरी आहे. तुम्हालाही माहीत आहे."

"असं? मग माझं नाव वगळ."

एवढं बोलून ते खुर्चीत मागे रेलले. आता ही माफी मागेल आणि ओळ खोडेल, याची त्यांना खात्री होती. धाकटीला भयंकर भीती वाटत होती. डोळ्यांसमोर भाची आली.

"बरं, सर," ती म्हणाली, आणि तिथेच, त्यांच्या देखत, तिने त्यांचं नाव वगळलं. चौकटीत खूण केली. गोषवारा गेला.

सरांनी लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे वळवून पाहिला. मग म्हणाले, "प्रबंध पुढच्या महिन्यात माझ्याचकडे येणार आहे ना?"

"हो, सर."

"दार लावून घे जाताना."

संध्याकाळी ती प्रयोगशाळेतच असताना ताईचा व्हिडिओ कॉल आला. पडदाभर भाचीचा चेहरा होता. धाकटीला एकदम रडू फुटलं. "मावशीने आज मोठा घोळ घातलाय गं, सोने," असं म्हणत तिने सगळं सांगून टाकलं. पोरीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती मावशीच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून खुदकन हसली.

ऐकलं ते ताईने. "मग आता तुझं कसं होणार?" तिने विचारलं.

'बघू' म्हणत धाकटीने फोन बंद केला. तिने पिशवी खांद्याला लावली आणि पुन्हा खाली ठेवली. सरांच्या खोलीतला दिवा अजून चालू होता, आणि बाहेर जायची वाट त्यांच्या दारावरूनच होती.