कोरडी छागल

मित्रांनो, छागल हा शब्द तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलाही नसेल. मी तीच आहे. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, तोंडाला लाकडी बूच आणि टांगायला दोरी. मी स्वभावाने भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाणी सांभाळायचे काम ज्याच्याकडे असते त्याला भीती सुटत नाही. आपण गळू की काय, हीच ती भीती.

मेहकरच्या बाजारातल्या एका कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवले. मला विकत घेतले लोणारच्या सहदेव आबांनी. तेव्हा ते आबा नव्हते, एसटीचे नवे ड्रायव्हर होते. पुढे तीस वर्षे मी त्यांच्या खिडकीला लटकून लोणार, सुलतानपूर, मेहकर अशी फिरत राहिले. वारा लागला की माझे अंग पाझरायचे आणि आतले पाणी गार व्हायचे. मे महिन्यात कंडक्टरपासून स्टँडवरच्या हमालापर्यंत सगळे माझ्याकडे हात पुढे करायचे. "सहदेवभाऊची छागल म्हंजे फ्रीज हाय," असे ते म्हणत. आबांची छाती फुगायची आणि खरे सांगते, माझीही.

पण एक गोष्ट आबांना कधी कळलीच नाही. रोज संध्याकाळी त्यांची बायको केसरबाई, म्हणजे आताची आजी, मला मोरीतल्या बादलीत बुडवून ठेवायची. कॅनव्हास कोरडा पडला की धागे आक्रसतात, शिवणीची भोके उघडी पडतात आणि पाणी धरवत नाही. भिजून धागे फुगले तरच मी छागल, नाही तर नुसती पिशवी. सकाळी आबांच्या हातात मी भरलेलीच जायची. त्यांना वाटे, छागल अशीच असते.

आबा रिटायर झाले आणि मी न्हाणीच्या दाराआडच्या खुंटीवर गेले. घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. अकरा वर्षे मी तिथे वाळत लटकले. कोणी घर आवरायला काढले की माझा जीव खालीवर व्हायचा. आता आपले पायपुसणे होणार, असे वाटायचे.

यंदा मे महिन्यात आबांची नात समता पुण्याहून सुट्टीला आली. दहा वर्षांची पोर. सकाळी उशिरा उठणे, दुपारी कूलरसमोर पत्ते, जेवताना आमरस आणि संध्याकाळी काठावर उभे राहून खाली सरोवर बघणे, असे तिचे मजेत चालले होते. एक दिवस तिने मला खुंटीवरून काढले. मग काय विचारता! आबांनी माझे सगळे किस्से तिखटमीठ लावून सांगितले आणि शेवटी जाहीर केले, उद्या सकाळी सरोवरात उतरायचे आणि पाणी छागलीतूनच न्यायचे. बाटली-फिटली काही नको. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी हाडासारखी वाळलेली होते, आणि आजी नेमकी आदल्या दिवशी साखरपुड्यासाठी सुलतानपूरला बहिणीकडे गेली होती.

सकाळी आबांनी मला माठातल्या पाण्याने भरले, बूच लावले आणि समताच्या पाठीवर टांगले. पाणी आत पडताच मला कळले की ते माझ्याच्याने राहायचे नाही. ओरडता आले असते तर मी ओरडले असते. झऱ्याच्या धारेकडच्या नेहमीच्या पायऱ्या सोडून आबांनी तरुणपणीची पायवाट धरली. प्रत्येक पावलाला माझ्या शिवणीतून थेंब सुटत होते. अर्ध्या वाटेवर समता थांबली.

"आबा, माझी पाठ सगळी ओली झाली."

आबा हसले. "अवं, छागल हाय ते. पाझरल्याबिगर पानी गार कसं होईन?"

मी पाझरत नव्हते, गळत होते. तीस वर्षे जवळ राहूनही आबांना तो फरक ठाऊक नव्हता.

खाली पोहोचल्यावर दोघे रमले. जुनी देवळे, वानरे, मोरांची पिसे. फिरता फिरता साडेदहा वाजले आणि ऊन चटके देऊ लागले. आबांनी पाण्यासाठी मला उचलले आणि त्यांचा हात थबकला. आत दोन घोट उरले होते. तेवढे मी कसेबसे धरले होते, कारण आता कुठे माझे धागे फुगले होते. आबांनी एक घोट समताला पाजला आणि आपल्याला तहान नाही असे सांगितले. चार पावले चालून ते निंबाखाली बसले. त्यांचा घाम थांबला होता, जीभ जड झाली होती. मोबाइलला रेंज नव्हती.

"आबा, समोर एवढं पाणी आहे."

"ते खारं हाय, बाई. तोंडात घेऊ नको."

पुढे आबांचे बोलणे तुटक झाले. समता रडकुंडीला आली, पण रडत बसली नाही. तिने शेवटचा घोट त्यांच्या ओठांत सोडला आणि मला घेऊन सरोवराकडे धावली. मित्रांनो, त्या क्षणी मी दोन भीतींनी थरथरले. एक आबांची. दुसरी माझी स्वतःची. ते पाणी एकदा अंगात मुरले की माझ्यातले पाणी पुन्हा कोणी पिणार नव्हते.

तिने मला बुडवले आणि आणून आबांच्या डोक्यावर ठेवले. मग मानेवर, मग छातीवर. पुन्हा धावली, पुन्हा बुडवले. मधूनमधून ती जिवाच्या आकांताने हाका मारत होती. हिंमतराव नावाचे वनमजूर फेरीवर होते, त्यांना ती हाक ऐकू गेली. त्यांच्या बाटलीतले पाणी आबांच्या पोटात गेले तेव्हा कुठे आबांनी डोळे नीट उघडले. हिंमतरावांनी हाळी देऊन आणखी दोघांना बोलावले आणि आबांना वर नेले.

दुसऱ्या दिवशी आबा दवाखान्यातून घरी आले. आजीही परतली होती. आबा म्हणाले, छागलच फुटकी निघाली. आजीने माझ्या शिवणीवरून बोट फिरवले.

"भिजू घातली होती का?"

"भिजू कायले घालाची?"

आजीने मला त्यांच्या हातात दिले. "तीस वर्सं मी रोज घालत होते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आबांनी स्वतः बादली भरली आणि मला तिच्यात बुडवले. दुसऱ्या दिवशी पाणी बदलले, तिसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशी त्यांनी मला भरून एक घोट चाखला. तोंड वाकडे झाले. खार गेला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असेल. ती कोणाच्या हाताने चालते, हे वेळीच विचारून ठेवा. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, आणि ज्यांना येते ती माणसेही कैकदा बोलत नाहीत.

समता पुण्याला गेली. तरी दिवस कलला की मोरीत बादली वाजते. परवा आजी म्हणाली, "राहू द्या आता. तिच्यातलं पानी कोनी पिनार नाही."

आबांनी मला हळूच पाण्यात सोडले. म्हणाले, "तू तीस वर्सं घातली. मले निदान एक उन्हाळा तरी घालू दे."