शंभर पिक्सेलची झुरळं

अन्नतपासणीच्या कचेरीत फोटोंचं काम बघणाऱ्या बाईंना चार दिवस घास उतरत नव्हता. हॉटेलांच्या भटारखान्यांचे एकोणीसशे फोटो संकेतस्थळावर चढवायचे होते, आणि लहान करायचे म्हणजे एकेक उघडणं आलंच. पिठात उंदराच्या लेंड्या, तेलाच्या डब्याला चिकटलेले केस, मटण तोडायच्या ठोकळ्यावर झुरळांची रांग. दोनशे फोटो होईतो बाईंनी डबा उघडणंच सोडलं.

शेवटी त्यांनी धाकट्या दिराला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, एकेक कशाला उपसताय? एका ओळीचं काम आहे." त्याने सांगितलेलं फुकटचं साधन त्याच्या लिनक्सवर चालायचं, तसंच कचेरीच्या विंडोजवरही चाललं. फक्त त्यातली मॉग्रिफाय नावाची आज्ञा मूळ फोटो पुसून त्याच जागी लहान ठेवते, म्हणून आधी सगळ्यांची प्रत काढा, असं त्याने दोनदा बजावलं. बाईंनी प्रत काढली, आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत मॉग्रिफायची ओळ टंकली, रुंदी हजार पिक्सेल दिली. चहा संपेपर्यंत सगळे फोटो लहान झाले, एकही न बघता.

मग साहेबांनी बोलावलं. हजार फार होतात, शंभर करा, म्हणाले. कारण त्यांच्याच तोंडून निसटलं: एक भटारखाना त्यांच्या साडूचा होता. "फोटो लावले म्हणजे झालं. स्पष्ट दिसायला हवेत असं कुठे लिहिलंय?"

बाईंनी जागेवर येऊन एका फोटोवर करून पाहिलं. झुरळांचे तीळ झाले, लेंड्या तर गायबच. बरबटलेला ओटा चक्क घासल्यासारखा दिसायला लागला. बाईंना शिसारी आली. झुरळं निदान पोटासाठी आली होती. हा माणूस खुर्चीत बसून बाईंच्या बोटांनी घाण झाकायला निघाला होता.

त्या परत आत गेल्या. "ओळ बदलायला मला एक क्षण पुरे, साहेब. शंभर करा असं लिहून सही द्या, लगेच चालवते."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

फोटो हजार पिक्सेलचेच चढले. तीन दिवसांत साडूच्या हॉटेलला सील लागलं, आणि सोमवारी बाईंची बदली टपालाच्या टेबलावर झाली. तक्रार करा, म्हणून दीर मागे लागला, पण बाई नको म्हणाल्या. टपाल घेऊन साहेबांच्या दारावरून जाताना मात्र त्या श्वास रोखतात, उघड्या गटारावरून जावं तसा.