पहिले पाणी डोणीत

मित्रांनो, चिंचमाळला कधी आलात तर महादेवाच्या देवळासमोर थांबा. तिथे फुटक्या ओट्यावर एक गंजलेला हापसा उभा आहे आणि शेजारी गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. तो जुना हापसा मी. आता गावात नळ आले, त्यामुळे माझ्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. तरी डोणीत रोज पाणी असते. ते का असते, हे तुम्हाला सांगायचे आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मला लॉरीतून इथे आणले. यंत्राने काळा खडक फोडला, तेव्हा सगळे गाव श्वास रोखून उभे होते. आधी राखाडी चिखल वर आला, मग पाणी आले. मला बसवल्यावर बायकांची एकच गर्दी झाली. त्यांत बसलिंगप्पाची बायको शिवगंगा होती. तिचा नंबर पहिला लागला, पण तिने घागर बाजूला ठेवली आणि नुसताच दांडा हापसू लागली. पाणी ओट्यावरून वाहत डोणीत गेले.

"अगं, घागर लाव की," तिची शेजारीण लक्ष्मम्मा म्हणाली.

"आधी ढोरं पिऊ दे. त्यायला मागता येत न्हाई."

"मग साखर पण घाल त्यात. पाव्हणे हायेत."

सगळ्या हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून जी बाई पहिली येईल ती आधी डोण भरू लागली. नवी सून आली की सासू तिला माझ्यापाशी आणून ही रीत सांगायची.

ती माझी चांगली वर्षे होती. बायकांच्या हातांनी माझा दांडा चांदीसारखा गुळगुळीत झाला होता. दर उन्हाळ्याआधी भुजंग मिस्त्री सायकलवरून यायचा. पाण्याच्या नळीच्या तळाशी माझे चामड्याचे वायसर असते. त्याच्यावरच पाणी चढते. ते झिजले की तो नवे घालायचा.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला. गावाने पेढे वाटले. आता कामासाठी लांब जायला नको, असे सगळे म्हणाले. पण त्या वर्षापासून भुजंग यायचा बंद झाला. त्याला दुसऱ्या तालुक्यात नेमले होते. माझी नळी आधी धापा टाकू लागली, मग कोरडी पडली. बसलिंगप्पा एसटीने लातूरला गेला. तिथे सांगितले, तुमच्या गावाचे कागद अजून आले नाहीत. जुन्या जिल्ह्यात सांगितले, कागद कधीच पाठवले. बिचारा दोन जिल्ह्यांच्या मधे हेलपाटे घालत राहिला. माझ्याखाली पाणी होते. वर यायला फक्त एक चामड्याचे वायसर हवे होते.

कागद शेवटी पोचले. त्यांत मी 'चालू' होतो.

तेवढ्यात पुन्हा दुष्काळ पडला. ज्या गावात हापसा चालू आहे, त्या गावाला टँकर मिळत नाही, असा नियम होता. म्हणून चिंचमाळला टँकर आला नाही. बायका तेरणेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून पाणी भरू लागल्या. जाताना त्या माझ्यासमोरूनच जायच्या. शिवगंगा जाता जाता माझ्या दांड्याला हात लावायची, आजारी माणसाला लावावा तसा.

वैशाखात एका दुपारी तिला ऊन लागले. परत येताना ती बाभळीखाली बसली, ती उठली नाही. डोक्यावरची घागर तिने नीट खाली ठेवली होती. तिच्यातले पाणी सांडले नव्हते.

बसलिंगप्पाने ते पाणी घरी नेले नाही. माझ्यापाशी आला आणि कोरड्या डोणीत ओतले. मग घरी गेला.

मित्रांनो, मुंबईच्या विधानभवनात गावांसाठी पैसे मंजूर होतात. ते खरेच पोचले का, काम खरेच झाले का, हे पाहायला आमदारांची एक समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते. पावसाळ्याच्या आधी ती समिती आमच्याकडे येणार असे कळले. तिने मला बंद पाहिले, तर टँकर आणि दुरुस्ती दोन्ही मिळणार होते. चालू पाहिले, तर गाव तसेच झिऱ्यावर राहणार होते.

आदल्या दिवशी दुरुस्तीखात्याचे साहेब जीप घेऊन आले. बरोबर भुजंग होता. त्याने मला निळा रंग दिला. मग जीपमधून आणलेले हंडे एकामागून एक माझ्या नळीत ओतले. पारावरून सगळे गाव पाहत होते.

लक्ष्मम्मा म्हणाली, "नवरीला हळद लई चांगली लावून राहिले, सायब. नवरी चालती का, ते बी बघा."

साहेबांनी ऐकले नाही असे केले. ते बसलिंगप्पाकडे वळले. दुरुस्तीसाठी सगळ्यात जास्त अर्ज त्याचे होते. तक्रार करणाऱ्यानेच पाणी काढून दाखवले, की तक्रार संपली, असे त्यांना वाटले असावे.

"अप्पा, उद्या समितीच्या आमदार इंदूताई आल्या की तुम्ही एक घागर भरायची आणि बाजूला व्हायचं."

"अन् टँकर?"

"आधी हे पार पडू द्या. मग बघू."

बसलिंगप्पा घराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. साहेब म्हणाले, "हा पंप चालू स्थितीत आहे." बसलिंगप्पा कपाळाला विभूती लावून आला. हातात शिवगंगाची पितळी घागर होती. ती त्याने ओट्याच्या कडेला ठेवली आणि दांडा धरला. ओला रंग त्याच्या तळव्याला लागला. त्याने हापसले आणि पाणी आले. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आले. पाणी ओट्यावरून डोणीत जाऊ लागले.

"अहो अप्पा, घागर लावा."

"पहिलं पाणी डोणीत, सायब. आमच्या घरची रीत हाय."

"रीत राहू द्या. ताईंना पुढे जायचंय."

"भरू द्या त्यांना," इंदूताई म्हणाल्या. "मी थांबते."

बसलिंगप्पा पूर्वीसारखा हापसत राहिला. कालचे ओतलेले सगळे पाणी डोणीत उतरले. दोन शेळ्या आल्या आणि पिऊ लागल्या. मग त्याने घागर माझ्या तोंडाखाली लावली आणि पुन्हा दांडा खाली दाबला. माझ्या घशातून नुसती हवा आली. तो हापसत राहिला. घागरीत एक थेंबही पडला नाही.

"थांबा, अप्पा," इंदूताई हळूच म्हणाल्या.

"ही तिची घागर हाय, ताई. हा हापसा कागदावर चालू हाय, म्हून ती तेरणेला गेली."

इंदूताईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी भुजंगकडे पाहिले. भुजंगने मान खाली घातली.

"काल वरून पाणी ओतलं, ताई. मला सांगितलं, मी ओतलं."

बसलिंगप्पाला हे ठाऊक होते. तो खोटे बोलला नाही आणि भांडलाही नाही. त्याने फक्त बायकोची रीत मोडली नाही.

कोणीतरी म्हणाले, विश्रामगृहावर जेवण तयार आहे. इंदूताई म्हणाल्या, "जेवण थांबेल." त्या ओट्यावर बसल्या आणि सगळ्यांदेखत कागदावर माझ्या नावापुढचे 'चालू' खोडून 'बंद' लिहिले. पुढच्या गावांतही त्यांनी पहिले पाणी वाहून जाऊ दिले, असे नंतर लोक सांगत. तिथलेही काही हापसे माझ्यासारखेच खोकले.

टँकर आला. पाठोपाठ भुजंग आला आणि त्याने वायसर बदलले. त्याने दांडा बसलिंगप्पाच्या हातात दिला. आधी डोण भरली, मग घागर. भरलेल्या घागरीशेजारी बसलिंगप्पा बराच वेळ बसून राहिला.

आता तो थकला आहे. तरी काठी टेकत सकाळी येतो, डोण भरतो आणि जातो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कोणी साहेब होतील, कोणी आमदार होतील, बाकीचे गावात राहतील. कोणी तुम्हाला काम झाले म्हणून दाखवले, तर रंग पाहून परतू नका. पहिले पाणी मुक्या जनावरांना जाऊ द्या. मग घागर लावा, आणि ती भरेपर्यंत तिथेच थांबा.